महादेव बुडाले

काल रात्री मी बडोद्याच्या सुरसागर तलावात उभ्या असलेल्या महादेवांच्या पुतळ्याला नकाशावर बुडवलं. सॉफ्टवेअरच्या एका खणातला ५० हा आकडा तसाच राहू दिला, बस.

बडोद्यातलं पाणी नकाशावर वेगळं काढायचं होतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाचं जानेवारीतलं स्वच्छ चित्र घेतलं. त्यातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन. डोळ्याला न दिसणारे निअर इन्फ्रारेड किरण पाणी शोषून घेतं, म्हणून त्या पट्ट्यात ते काळं दिसतं. पण सुटा पिक्सेल बघून "काळा, म्हणजे पाणी" म्हटलं, की उंच इमारतींच्या सावल्यांचीही तळी होतात. आणि विश्वामित्री? अरुंद नदी, काठाला झाडी. तिचे तुकडे तुकडे झाले.

म्हणून आधी सारखे दिसणारे शेजारी पिक्सेल जोडून तुकडे करायचे आणि मग त्या तुकड्याचा आकार, शेजार बघून तो काय ते ठरवायचं. ऑर्फिओ टूलबॉक्स हे उपग्रहचित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातलं असे तुकडे करणारं मीन-शिफ्ट वापरलं. रंगात किती फरक चालेल, त्या खणात १५ आधीच भरलेलं असतं. पण सेंटिनेलचे आकडे, म्हणजे आलेल्या प्रकाशातला किती भाग परतला ते, १०,००० पटीत येतात. त्यात १५ म्हणजे ०.००१५! सगळ्या शहराचा भुगा. (दोन संध्याकाळी गेल्या यात, आणि आणलेली सेव-उसळ गार झाली ती वेगळीच.) २०० केल्यावर नदी जुळायला लागली.

५० चा खण मात्र विसरले. तो सर्वांत लहान तुकड्याचा: ५० पिक्सेल, म्हणजे ५,००० चौरस मीटर. त्याहून लहान ते शेजाऱ्यात विरतं.

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, चहा घेता घेता स्क्रीनकडे पाहिलं. त्यांचं सगळं आयुष्य सुरसागराजवळच्या दांडिया बाजारात गेलेलं.

"अगं, सुरसागरात शंकर कुठे आहे?"

५० चे ५ केले. महादेव वर आले, त्यांच्या मागोमाग सावल्याही. सावल्यांना लांबी-रुंदीच्या गुणोत्तराने हाकललं: सावल्या आखूड, नदी लांबच लांब. तलावांसाठी क्षेत्रफळाचा वेगळा नियम लावला. खूश होऊन बाबांना दाखवायला गेले, तर शहराबाहेरचा नर्मदेचा कालवाही "नदी" म्हणून रंगलेला.

"ही कसली नदी? एकदा तरी वळते का बघ," बाबा म्हणाले.

आता वळणं मोजायला प्रत्येक तुकड्याची लांबी त्याच्या दोन टोकांमधल्या सरळ अंतराने भागत बसलेय.