शक्तिमानचं निवडपत्र

सोयाबीन निघाल्यावर आमच्या सेवा केंद्रात जी गर्दी होते, तिच्यात माणसाच्या तोंडाकडे पाहायला सवड नसते. मी बोटं पाहतो. आधारवर पैसे काढायचे तर अंगठा मशीनवर टेकवावा लागतो, आणि या दिवसांत शेतकऱ्याच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्याच नसतात. विळ्यानं, धसकटांनी, पोत्यांच्या सुतळीनं सगळ्या घासून गेलेल्या असतात. मग ओल्या फडक्यानं पुसा, डोक्यावरच्या तेलात जरा घासा, पुन्हा टेकवा.

लोणारपासून फार लांब नसलेल्या एका गावात मी हे केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डातली नावं, आणि दिवसभर अंगठे. नोव्हेंबर २०२४ मधली गोष्ट आहे. विधानसभेचं मतदान नुकतंच आटोपलं होतं. लाडक्या बहिणीचे पैसे काढायला आलेल्या बायांची रांग ओट्यापर्यंत होती. त्या रांगेत एक काका आपल्या पोराला घेऊन उभे होते. मला लहानपणापासून ओळखणारे, आमच्या शेताला बांध लागून असलेले.

"बाबू, साडेबारा हजार काढून दे. आन् हे एक कागद छापून दे."

एका वेळी दहा हजारांच्या वर निघत नाहीत, म्हणून दोनदा अंगठा लावावा लागणार होता. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला नाही. तिसऱ्यांदाही मशीननं लाल दिवा दाखवला. मी त्यांना म्हटलं, जरा बसा, हात धुऊन घ्या, तोवर कागद काढतो. मशीननं तेव्हा अंगठा पहिल्याच दमात घेतला असता, तर मी पैसे मोजून दिले असते आणि पुढच्या बाईला बोलावलं असतं. हा विचार आजही माझा पिच्छा सोडत नाही.

प्रिंटरमधून कागद निघाला तसा मी तो वाचला. वर 'निवडपत्र'. खाली पोराचं नाव, गाव, तालुका. 'शक्तिमान या भव्य चित्रपटासाठी ग्रामीण कलाकार म्हणून आपली प्राथमिक निवड झाली असून चित्रीकरण लोणार सरोवर येथे होईल.' नोंदणी, पोशाख आणि विमा मिळून १२,५०० रुपये, सात दिवसांच्या आत. एका कोपऱ्यात क्यूआर कोड. दुसऱ्या कोपऱ्यात गोल शिक्का, आणि शिक्क्यात अशोकस्तंभ.

खाजगी सिनेमाच्या पत्रावर अशोकस्तंभ कशाला? रोज सरकारी दाखले छापणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच टोचलं. मी माझा मोबाईल क्यूआरवर धरला. पैसे ज्याला जाणार त्याचं नाव पडद्यावर आलं. कुठल्या कंपनीचं नव्हतं, एका साध्या माणसाचं होतं.

"काका, हे कुठून आलं?"

"फोनवर. मुंबईहून साहेब बोलते रोज. लय गोड बोलते. दोन हजार तं पयलेच देल्ले."

मला वाटलं होतं, पोराचं खूळ असेल. पोरगा एकोणीसचा, पहाटे उठून पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतो, कोलांट्या उड्या मारतो, त्याचे व्हिडिओ गावातली पोरं टाकतात. पण तो मान खाली घालून उभा होता. बोलत होते ते काका. जाहिरात त्यांनीच पाहिली, त्यांनीच फोन लावला, पोराचे फोटो त्यांनीच पाठवले.

"आमच्या टायमाले टीवी एकच होता गावात," ते म्हणाले. "पाटलाच्या वाड्यावर. शक्तिमान लागला का आमी वावरातून पयत सुटो. माहा बाप मारे मले. तरी जाओ."

१९९७ साली दूरदर्शनवर ती मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. वर्तमानपत्रातला वेंधळा गंगाधर गरगर फिरतो आणि शक्तिमान होतो. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि ती नेमकी त्याच वेळी गेली तर वाड्यावरची सगळी पोरं अंधारात गप्प बसून राहायची. मीही त्यातला. काका तेव्हा आमच्यात वयानं मोठे, लग्नाला आलेले, तरी मागच्या भिंतीला टेकून पाहायचे. ते मला त्या दिवशी आठवलं.

मी बायांना म्हटलं, मावशी, अर्धा तास थांबा. त्या थांबल्या. रांगेतल्या एकीनं तर काकांना बसायला बाकावर जागा करून दिली.

मला सुपरहिरोंच्या सिनेमांचं वेड आहे. ते कसे ठरतात, कसे रखडतात, कसे बंद पडतात, हे मी गेली कितीतरी वर्षं रात्री जागून वाचतो. एरवी त्याचा गावात कुणाला उपयोग नाही. त्या दिवशी तेवढंच माझ्याजवळ होतं.

काकांना मी सांगितलं ते असं. शक्तिमानवर सिनेमा काढायची घोषणा खरी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं ती केली, छोटी झलकही दाखवली, तीन भागांत काढू म्हणाले. पण नायक कोण, हे त्या घोषणेत नव्हतं. घोषणेत जी जागा मोकळी राहते, तिच्यात लोक आपापल्या मनातलं भरतात. रणवीर सिंगचं नाव फिरू लागलं. मार्च २०२४ मध्ये मालिकेत शक्तिमान झालेल्या मुकेश खन्नांनी जाहीरपणे त्याला विरोध केला, तेव्हा ज्यांनी आधी ऐकलं नव्हतं त्यांनाही ते नाव कळलं. मग याच नोव्हेंबरात खन्नांनी स्वतः शक्तिमान परत येतोय असा व्हिडिओ टाकला, त्या पोशाखात लोकांपुढेही आले, आणि नवा गोंधळ उडाला. हे नेमकं काय, तोच सिनेमा की वेगळं काही? ज्याला पैसे उकळायचे, त्याला असा आठवडा सोन्यासारखा. लोकांनी अर्धं ऐकलेलं असतं, उरलेलं अर्धं तो विकतो.

काका ऐकत होते, पण पटत नव्हतं. ते एकच वाक्य धरून बसले होते.

"पण पिक्चर तं निघून रायला ना?"

हे समजावणं सगळ्यात कठीण गेलं. घोषणा झाली म्हणजे सिनेमा निघतोय असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे पेरणी झाली म्हणजे पीक येवो न येवो, शेत तरी पेरलेलं असतं. इथं तसं नाही. घोषणा म्हणजे पेरणीसुद्धा नाही. बियाण्याचं पोतं घरात आणून ठेवल्यासारखं आहे. आधी हक्क लागतात, मग पटकथा, ती दहादा लिहिली जाते, मग दिग्दर्शक, तो सोडून जातो, दुसरा येतो आणि पटकथा पुन्हा बदलतो. सुपरहिरोच्या सिनेमात पैसा प्रचंड, त्यातला बराच संगणकावरच्या दृश्यांना लागणारा, म्हणून पैसा लावणारे शेवटपर्यंत कचरतात. चित्रीकरणाची जागा, गर्दीतली माणसं, पोशाख, हे सगळं त्याच्या कितीतरी नंतर.

मी पोराला जवळ बोलावलं आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. निकोलस केज नावाचा हॉलिवूडचा मोठा नट, लांब केस, अंगात सुपरमॅनचा पोशाख. नव्वदच्या दशकात दिग्दर्शक टिम बर्टन तो सिनेमा करणार होता. पोशाख अंगावर घालून पाहिला, फोटो निघाले, आणि १९९८ मध्ये काम थांबलं ते थांबलंच.

पोरगा फोटोकडे पाहत राहिला. मग पहिल्यांदा बोलला.

"ड्रेस शिवून झाला होता तरी?"

"हाव. ड्रेस शिवून झाला होता तरी."

त्याला मी 'ब्लेड' या सुपरहिरोच्या सिनेमाचं सांगितलं. २०१९ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॉमिक्सच्या मेळ्यात मार्व्हल कंपनीनं घोषणा केली, नायक महेर्शाला अली स्वतः मंचावर उभा होता. पहिली तारीख २०२३ ची. मग पुढे, मग आणखी पुढे. दोन दिग्दर्शक गेले. आणि आमच्या या गोष्टीच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तो तारखांच्या यादीतूनच काढून टाकला. 'बॅटगर्ल'चं तर चित्रीकरण पार पडलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तो काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीनं ठरवलं, दाखवायचाच नाही. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये विकी कौशलचा अश्वत्थामा म्हणून पहिला फोटो आला होता, तोही सिनेमा बारगळला.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की कानावर आलेलं सगळं खोटंच असतं. २०२१ मध्ये आधीच्या सिनेमांतला स्पायडरमॅन, अँड्र्यू गारफिल्ड, वर्षभर सांगत होता, मी नव्या स्पायडरमॅनमध्ये नाही. डिसेंबरात सिनेमा आला आणि तो त्यात होता. म्हणजे नट 'हो' म्हणाला तरी खात्री नाही, 'नाही' म्हणाला तरी नाही. या धंद्यात गुप्तता लागते, ते मी समजू शकतो. पण मुंबईत किंवा अमेरिकेत बसून कुणी तोंड बंद ठेवलं, की त्या शांततेचं काय होतं, ते आमच्या ओट्यावर येऊन पाहावं. आणि एक गोष्ट मला पक्की वाटते, ती मी काकांना ठासून सांगितली. काम देणारा आपल्याला पैसे देतो, काका. काम देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याजवळ काम नसतं.

तेव्हा काकांनी मला जे विचारलं, त्यानं माझ्या पोटात खड्डा पडला.

"मंग तू काहून टाकलं होतं गुरुपवर?"

त्यांनी फोन काढला, बराच वेळ अंगठ्यानं वर वर सरकवत राहिले आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटातला माझा जुना मेसेज दाखवला. घोषणा झाली त्या आठवड्यातला. बातमी खरी होती, पण तिच्याबरोबर मी एक पोस्टरही टाकलं होतं. कुणा चाहत्यानं संगणकावर बनवलेलं, शक्तिमानच्या पोशाखावर नटाचा चेहरा चिकटवलेला. खाली मी लिहिलं होतं, 'आपला शक्तिमान येतोय!' मला तेव्हा माहीत होतं की ते खरं पोस्टर नाही. आनंदाच्या भरात ते लिहायचं राहून गेलं. काकांनी ते जपून ठेवलं होतं. त्या मुंबईच्या साहेबानं तसलंच चित्र पाठवलं, तेव्हा त्यांना वाटलं, हे तर आपल्या पोरानं, सेवा केंद्रवाल्यानं, आधीच सांगितलंय. गावात माझ्या शब्दाला किंमत आहे, कारण माझ्याकडून सरकारचे कागद निघतात. ती किंमत त्या भामट्याच्या कामी आली.

मी काकांना सरळ सांगितलं, ते चित्र खोटं होतं, चूक माझी. ते काही बोलले नाहीत. हाताची ओली बोटं धोतराला पुसत राहिले.

लोणारचंही विचारून टाकावं म्हणून मी ओळखीच्या वनरक्षकाला फोन लावला. लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथं आत चित्रीकरण करायचं तर वनखात्याची परवानगी लागते, गुपचूप काही होत नाही. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, असा कुठलाच अर्ज आमच्या कानावर नाही. पण भाऊ, हे विचारणारा या महिन्यातला तू पहिला नाहीस.

हे ऐकून रांगेतल्या बायाही गप्प झाल्या. उल्केच्या धडकेनं बेसाल्टात पडलेलं ते विवर, खारं पाणी, २०२० च्या उन्हाळ्यात गुलाबी झालेलं. परग्रहासारखं दिसतं म्हणूनच त्या माणसानं ते निवडलं असणार. आमच्या उशाला असलेली जगावेगळी जागा, आणि तिच्यावर आमचीच माणसं फसवली जात होती.

मग १९३० ला फोन. सायबर फसवणुकीची तक्रार तिथं घेतात, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त. काकांचे दोन हजार गेल्याला आठ दिवस झाले होते. तरी व्यवहाराचा क्रमांक, तारीख, तो मोबाईल नंबर, सगळं वाचून सांगितलं. थोड्या वेळानं काकांच्या फोनवर तक्रार क्रमांक आला. काकांनी तो मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला लावला.

साडेबारा हजार म्हणजे किती, हे इथं सांगायला हवं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास मिळत होते. तीन क्विंटलांहून जास्त सोयाबीन झालं ते. हरभऱ्याच्या बियाण्याला ठेवलेला पैसा होता.

पोरगा बाहेर ओट्यावर गेला होता. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा हळूच म्हणाला, "दादा, मले जायाचंच नव्हतं. भरती हाय माही. पण बावा इतका खुश होता ना, मले नाई म्हनता येईना."

आत आलो तर काका पुन्हा मशीनसमोर बसलेले. म्हणाले, बियाण्यापुरते चार हजार काढून दे. अंगठा याही वेळी पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. नोटा त्यांनी दोनदा मोजल्या, निळ्या पिशवीत घातल्या, पिशवी बंडीच्या खिशात. ते निवडपत्र टेबलावरच होतं. मी फाडायला घेतलं तर म्हणाले, "राहू दे, पोलीसले दाखवा लागन." आणि घडी करून घेऊन गेले.

त्याच रात्री मी गावाच्या गटात लिहिलं. जुनं पोस्टर मी टाकलं होतं, ते खोटं होतं, अशा कामासाठी कुणीही पैसे देऊ नका, दिले असतील तर सकाळी केंद्रात या. सकाळी दोघे आले. एक शेजारच्या गावचा होता.

काकांचे दोन हजार परत आलेले नाहीत. ते अधूनमधून केंद्रात येतात, तक्रारीचं विचारतात, आणि उठताना दारातून वळून एकदा तेही विचारतात.

"निघाला का गा त्यो पिक्चर?"

"नाही काका. अजून तरी नाही."

"निघाला तं सांगजो. मी पाह्यले येईन."