घोघ्यासमोर बुडालेला बोया

भरती-ओहोटीच्या प्रवाहातून वीज मिळेल का, हे पाहण्यासाठी गुजरातमधील खंभातच्या आखातात घोघा बंदरासमोर आम्ही प्रवाहाचा वेग मोजत होतो. अष्टमीला आम्ही मोजणीचे यंत्र लोखंडी चौकटीत बसवून तळाशी सोडले, त्याला दोराने बोया, म्हणजे जागा दाखवणारा तरंगता गोळा, बांधला आणि पौर्णिमेचे उधाण मोजून झाल्यावर वद्य तृतीयेला ते काढायला गेलो. होडी नेमक्या जागी पोहोचली, पण बोया कुठेच दिसेना.

दोर तुटून यंत्र गेले, असेच मला वाटले. होडीचा प्रमुख, तांडेल, मात्र शांत होता. पाण्याला ओढ आहे तोवर बोया वर येणार नाही, थांबू या, असे तो म्हणाला. कोकणात वाढलेल्या मला उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) नवे नव्हते, तरी भावनगरकडे निमुळत्या होत जाणाऱ्या या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा-अकरा मीटरपर्यंत जातो, याचा अर्थ त्या दिवशी कळला. दीड तासाने पाणी थबकले आणि होडीपासून काही हातांवर बोया अलगद वर आला. इतका वेळ प्रवाहानेच त्याला पाण्याखाली दाबून धरले होते.

संध्याकाळी नोंदी उघडल्या. भांगाच्या दिवसांत वेग सेकंदाला फार तर १.२ मीटर होता, उधाणात तो २.६ मीटरपर्यंत गेला होता. वेग दुपटीहून थोडाच अधिक, पण प्रवाहातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने दर चौरस मीटरमागे ती सुमारे ०.९ किलोवॉटवरून ९ किलोवॉटवर गेली होती. या आखातात सुमारे ७,००० मेगावॉटची क्षमता असल्याचा अंदाज मी अनेकदा वाचला होता. त्यामागचे पाणी प्रथमच पाहिले.

तरीही माझे मन अडकले ते चौकटीच्या पायांशी. नऊ-दहा दिवसांतच ते वीतभर गाळात रुतले होते आणि सांध्यांत राखाडी चिखल घट्ट बसला होता. फ्रान्समध्ये रांस नदीच्या मुखावर १९६६ पासून भरती-ओहोटीवर चालणारे २४० मेगावॉटचे वीजकेंद्र चालू आहे, पण बांध घातल्यावर तिथेही गाळाचा प्रश्न उभा राहिलाच. इथले पाणी तर मुळातच गढूळ. टर्बाइनची पाती, बेअरिंगे आणि केबल या चिखलात किती वर्षे टिकतील, हे वेगाच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही, असे माझे ठाम मत झाले. म्हणून अहवालात वेगाच्या तक्त्याआधी मी गाळाची नोंद घातली आणि तळाच्या गाळाची वर्षभर मोजणी करण्याची मागणी तिथेच लिहिली.