प्लॉट येळ्ळूरच्या शिवारात, नाव टिळकवाडीचे

बेळगाव परिसरात प्लॉट घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने जाहिरातीतील उपनगराचे नाव आणि उताऱ्यावरील गावाचे नाव एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. 'न्यू टिळकवाडी', 'हिंदवाडी एक्स्टेंशन', 'भाग्यनगर फेज दोन' अशा धर्तीची नावे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, रस्त्याकडेच्या फलकांवर आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीपत्रकांत नेहमी दिसतात. प्रत्यक्ष जागा पाहायला निघाले की तिसरे रेल्वे गेट ओलांडले जाते, उद्यमबाग मागे पडते, कधी कधी पिरनवाडीही मागे पडते आणि शेवटी गाडी थांबते ती एखाद्या गावाच्या शिवारात, जिथे बांधांवर नुकतेच पांढरे दगड रोवलेले असतात.

हे केवळ चार-पाच किलोमीटरच्या अंतराचे प्रकरण असते, तर मी त्यावर एवढे लिहिले नसते. नाव बदलले की ग्राहकाला बरेच काही दिसेनासे होते. टिळकवाडी महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तिथला रस्ता, पाणी, गटार आणि कचरा यांसाठी कोणाकडे जायचे, हे सर्वांना ठाऊक असते. येळ्ळूर किंवा मंडोळीच्या शिवारातल्या प्लॉटची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे असते आणि तिची साधने, तिची पाणीयोजना व तिचे नियोजन गावच्या लोकसंख्येला धरून आखलेले असते. उपनगराचे नाव वाचणारा माणूस या सोयी गृहीत धरतो आणि दर चौरस फुटाला त्यांची किंमतही मोजतो. जे तिथे नाही त्याचे पैसे त्याच्याकडून घेतले जातात आणि ते घेण्याचे काम फक्त एका नावाने होते.

त्याहून मोठी हानी जमिनीच्या स्वभावाबद्दलची आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूर या पट्ट्यातले शिवार भाताचे आहे. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात कुठवर चढते, कोणत्या तुकड्यात किती दिवस पीक पाण्याखाली राहते, हे तिथल्या शेतकऱ्याला लहानपणापासून माहीत असते. जाहिरातीत गावाचे खरे नाव असते, तर निपाणीचा किंवा चंदगडचा ग्राहकसुद्धा ओळखीतल्या कुणाला तरी विचारू शकला असता, "येळ्ळूरकडच्या त्या बाजूला पाणी साचते का हो?" 'न्यू टिळकवाडी'बद्दल कोणाला आणि काय विचारणार? त्या नावाचा गाव नाही, त्या गावाचा म्हातारा नाही आणि म्हणून त्या जमिनीची आठवण सांगणाराही कोणी नाही.

माझे एक मावसभाऊ सैन्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर अशी एक जागा पाहायला गेलो होतो. सर्व्हे नंबर विचारला, तर एजंट म्हणाला, "काका, टिळकवाडीच समजा, गेटपासून दहा मिनिटं." उतारा हाती पडला तो इसाऱ्याची रक्कम दिल्यानंतर आणि त्यावर गाव वेगळेच होते. रक्कम परत मिळायला फार खेटे घालावे लागले. नोकरीनिमित्त आयुष्य बाहेर काढलेल्या माणसाला बेळगावातली मोजकीच नावे आठवतात आणि टिळकवाडी हे त्यांतले ठळक नाव आहे. शाळा-महाविद्यालयांमुळे खानापूर आणि चंदगड तालुक्यांतल्या घराघरांत ते पोहोचले आहे. या ओळखीचाच उपयोग जाहिरात करणारे करतात.

काही माहितीपत्रके तर स्वतःलाच खोडून काढतात. टिळकवाडीचे नाव मोठ्या अक्षरांत देऊन खाली "विमानतळ जवळ, सुवर्ण विधानसौध जवळ" असे लिहिलेले मी वाचले आहे. विमानतळ सांबऱ्याला, म्हणजे शहरापासून सुमारे 10 किलोमीटरवर, बागलकोट रस्त्याला आहे. 2012 साली उद्घाटन झालेले सुवर्ण विधानसौध हलगा-बस्तवाड भागात महामार्गालगत आहे. आणि टिळकवाडी शहराच्या दक्षिण अंगाला आहे. या तिन्हींच्या जवळ असणारा प्लॉट नकाशावर कुठेच बसत नाही. अशा पत्रकांतले नकाशे प्रमाणाशिवाय काढलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला ते चटकन जाणवत नाही.

ही रीत मुंबईत तर फार मोठ्या पैशांवर चालते. वडाळ्यातल्या प्रकल्पाला 'न्यू कफ परेड' म्हटले जाते आणि भिवंडी तालुक्यातल्या वसाहतीला 'अप्पर ठाणे'. आपल्याकडे तिचेच अनुकरण चालू आहे.

नव्या वस्तीला नवे नाव लागतेच, हे मला मान्य आहे. कणबर्गीजवळ बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) वसवलेले रामतीर्थनगर किंवा महांतेशनगर ही नावे नवीनच आहेत, पण ती दुसऱ्या उपनगराच्या प्रतिष्ठेवर उभी नाहीत. जुन्या उपनगरांना तर आपापला इतिहास आहे. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते आणि त्याची व वडगावची ओळख विणकरांच्या मागांनी घडवली. अनगोळ, मजगाव ही मुळची गावे. शहर त्यांच्यापर्यंत आले, तरी त्यांनी नाव सोडले नाही. आपण सीमाभागातली माणसे नावांच्या बाबतीत किती संवेदनशील आहोत, हे 2014 साली येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवण्यावरून जे घडले त्यातून साऱ्यांनी पाहिले. त्याच येळ्ळूरचे नाव जाहिरातींतून गाळले जाते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

कायद्याने काहीच हाती दिलेले नाही, असे नाही. 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायद्याप्रमाणे 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील ले-आऊटची जाहिरात नोंदणीआधी करताच येत नाही आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मागता येते आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास पूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. अडचण अशी की प्रकल्पाचे नाव हे विधान नाही, ते केवळ नाव आहे, असा बचाव सहज केला जातो. फसवणूक नेमकी नावातच ठेवण्याचे कारण मला हेच दिसते. 'टिळकवाडीत प्लॉट' असे लिहिणारा अडकू शकतो; 'न्यू टिळकवाडी' लिहिणारा निसटण्याची वाट आधीच काढून ठेवतो.

म्हणून जागा पाहायला जाण्याआधीच सर्व्हे नंबर आणि गाव मागावे, कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून उतारा स्वतः काढावा, जमीन बिगरशेती झाली आहे का आणि ले-आऊटला बुडाची मंजुरी आहे का, हे पाहावे आणि कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून प्रकल्पाचा पत्ता वाचावा. तिथे गावाचे खरे नाव असते. गुंठ्यावर पाडलेले आणि नुसत्या बॉन्डवर (स्टॅम्प पेपरवर) विकले जाणारे प्लॉट असतील, तर यातले काहीच सापडणार नाही आणि ते न सापडणे हेच पुरेसे उत्तर समजून माघारी फिरावे.

आपल्या भागातल्या मराठी वर्तमानपत्रांकडेही माझी एक मागणी आहे. प्लॉटची जाहिरात स्वीकारताना महसुली गावाचे नाव आणि सर्व्हे नंबर प्रकल्पाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची अट त्यांनी घालावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जाहिरात विभागाने फॉर्मवर एक रकाना वाढवला तरी भागेल आणि जो तो रकाना भरायला तयार नसेल, त्याची जाहिरात परत पाठवावी.