पालीची बदनामी

रागाच्या भरात नको ते बोलून झालं की हल्ली एक शास्त्रीय सबब हाताशी असते: ‘मी कुठे बोललो, आतला सरडा बोलला.’ भिंतीवरच्या पालीने यावर चुकचुकावं, दुसरं काय करणार बिचारी!

ही सबब आली ती पॉल मॅक्लीन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेल्या त्रिस्तरीय मेंदूच्या कल्पनेतून. तळाला सरपटणाऱ्यांचा मेंदू, त्यावर भावनांचा आणि सगळ्यांत वर विचारी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूची बाहेरची साल. मजल्यावर मजला! चित्र इतकं सुटसुटीत की अभ्यासकांनी कधीच मोडीत काढलं, तरी लोकांच्या डोक्यातून जात नाही.

मुळात पाल ही आपली पूर्वज नव्हे, लांबची चुलत बहीण. दोन्ही घराणी वेगळी झाली त्याला सुमारे ३२ कोटी वर्षं झाली आणि तेव्हापासून तिचाही मेंदू बदलतोच आहे. भीतीशी निगडित अमिग्डाला आणि आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस, मेंदूच्या या भागांचे भाऊबंद तिच्याकडे आहेत. कॉर्टेक्ससुद्धा आहे, आपल्या नव्या कॉर्टेक्सला सहा थर, तिच्या कॉर्टेक्सला तीन, एवढंच. आणि ज्याचा आपल्याला एवढा तोरा, त्या कॉर्टेक्समध्ये आपल्या ८६०० कोटी न्यूरॉनपैकी, म्हणजे चेतापेशींपैकी, जेमतेम १६०० कोटी असतात. ६९०० कोटी तर मागच्या बाजूच्या लहान मेंदूत दाटीवाटीने बसलेले.

पण खरा अन्याय संयमाच्या बाबतीत होतो. आवर घालणं हे म्हणे फक्त वरच्या मजल्याचं काम. भेकाला, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकाला, विचारा. जर्मन मेंदूशास्त्रज्ञ यॉर्ग-पीटर एवर्ट यांनी भेकापुढून पुठ्ठ्याची पट्टी सरकवून पाहिली. पट्टी आडवी, लांबीच्या दिशेने सरकली की भेकाच्या लेखी ती अळी: तो वळतो, रोखून बघतो, झडप घालतो. तीच पट्टी उभी धरून त्याच दिशेने नेली, तर सहसा ढुंकूनही बघत नाही. झडपेची सूत्रं मेंदूच्या टेक्टम या भागात. त्याला दाबून धरणारा प्रीटेक्टम त्याच्या अगदी पुढ्यात. त्या प्रीटेक्टमला इजा केली की भेक जे हलेल त्यावर तुटून पडतो, एरवी जिच्यापासून पळ काढला असता अशा मोठ्या वस्तूवरसुद्धा. म्हणजे ब्रेक होता, तोही ‘तळमजल्यावर’च.

मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांचा कारभारही असाच. एरवी सगळ्या हालचाली दाबून धरायच्या आणि हवी ती तेवढी मोकळी सोडायची. बिनजबड्याच्या लॅम्प्रे माशातही हीच व्यवस्था आहे, आणि त्याचं घराणं आपल्यापासून फुटलं जवळपास ५० कोटी वर्षांपूर्वी. कपाळामागच्या कॉर्टेक्सला इजा झाली की माणूस उतावळा होऊ शकतो, हे खरंच. पण हा कॉर्टेक्सही हालचाल थोपवतो ती बरीचशी याच जुन्या ब्रेकवर पाय ठेवून.

दिव्याजवळ एक पाखरू येऊन बसलंय. पाल दोन पावलं सरकते. थांबते. पाखरू पंख हलवतं. ती हलत नाही. आणखी एक पाऊल. पुन्हा थांबते.