ऑर्टेलियसची पाठ अखेर वाचता आली, पण लॅटिनमध्ये नाही

मंडळी, मागच्या नोंदीत पाठीचं प्रकरण अर्धवट सोडलं होतं: ऑर्टेलियस या सोळाव्या शतकातल्या नकाशाकाराच्या ॲटलासमधलं एक सुटं पान मी १५७०चं म्हणून घेतलं, पण त्याची मागची छापील बाजू झाकलेली निघाली. ज्यांनी विचारणा केली त्यांना आधी निकाल सांगते: मजकूर दिसला. आणि आपलं पान १५७०चं नाही, हेही त्यातच दिसलं.

अडचण तुम्हाला ठाऊक आहेच. ‘इंडिए ओरिएंटालिस’, म्हणजे भारत आणि पूर्वेकडची बेटं दाखवणारा हा नकाशा, पुढून कितीही न्याहाळा, साल हाती लागत नाही. ऑर्टेलियसच्याच जगाच्या नकाशाचे तीन ताम्रपट (छपाईसाठी कोरलेले तांब्याचे पत्रे) आहेत. ढगांची किनार जाऊन कोपऱ्यांत वचनांची गोल पदकं आली की तो १५८७चा तिसरा पट, एवढं तरी ठामपणे म्हणता येतं. इथे १५७०पासून शेवटपर्यंत एकच पट. त्याच जलपऱ्या, गलबतावर धावून जाणारे तेच जलचर, वरच्या उजव्या कोपऱ्यात डोकावणारी तीच अमेरिका. साल ठरतं ते मागच्या मजकुरावरून: भाषा कोणती, ओळी कुठे मोडतात, शेवटची ओळ कोणती, पान क्रमांक किती. नेमक्या त्याच पाठीवर कुणा सद्गृहस्थाने जाडसर कागद खळीने डकवून ठेवलाय.

तरी पावतीवर ‘१५७०, पहिली आवृत्ती’ असं ठणकावून लिहिलेलं. पाठ झाकलेली असताना हे कशावरून, असं विचारलं तर विक्रेता म्हणाला, आधीच्या मालकाने तसं सांगितलं होतं. नाव लिहीत नाही. पण ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द दिसले की मागच्या बाजूचा फोटो मागा आणि तो आल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

लायनिंग, म्हणजे पाठीला डकवलेला तो कागद, पाण्यावर सोडव, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. साधा काळा-पांढरा छाप असता तर सोडवलंही असतं. पण या पानावरचा हिरवा जंगालाचा आहे. तांब्यापासून केलेला हा रंग काळाच्या ओघात तपकिरी पडतो, कागद जाळत जातो. आपल्या पानावर एका बेटाच्या कडेला केसाएवढी चीर आत्ताच पडली आहे. त्याला ओल मिळाली की तांबं आजूबाजूच्या चांगल्या कागदातही पसरतं. संवर्धनाचं काम करणाऱ्या मैत्रिणीने पान भिंगाखाली धरलं आणि पाण्याचं नावही काढू नकोस म्हणून बजावलं. जुना रंग म्हणून ज्याचे जास्त पैसे मोजले, तोच आता पाठ उघडू देत नाही.

म्हणजे उरला उजेड. मागून प्रकाश सोडायचा, पुढून फोटो काढायचा, की पाठीवरची अक्षरं उलटी दिसतात. पण त्यांच्यावर नकाशाच्या रेघा बसलेल्या. आधी ए-थ्री लाइट पॅडवर प्रयोग केले. पॅड ४२ बाय ३० सेंमी, नकाशा साधारण ५० बाय ३५. दोन तुकड्यांत फोटो, दोन्हींचा उजेड वेगळा, शिवाय पॅडचा प्रकाश मंद केला की फोटोत आडवे पट्टे. स्वस्तातल्या पॅडचं हे दुखणं कायमचं आहे. ट्रेसिंगला ठीक, या कामाला नको.

तोडगा घरातच निघाला. २७ इंची मॉनिटर आडवा झोपवला, पूर्ण पांढरी स्क्रीन लावली, थोडं अंतर सोडून वर दुधी ॲक्रिलिकची शीट ठेवली, म्हणजे पिक्सेलची जाळी पुसली जाते. स्क्रीनची उंची साडेतेहेतीस सेंमीच भरते, पण मजकूर कागदाच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे निभावतं. कॅमेरा वर स्टँडला घट्ट बांधून दोन फोटो: एक फक्त पुढच्या उजेडात, एक फक्त मागच्या. मग दोन्ही आडवे उलटवून हगिनमध्ये (फोटो जुळवायचं सॉफ्टवेअर) एकमेकांवर बसवले आणि गिंपमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) मागच्या उजेडाच्या फोटोला पुढच्याने ‘डिव्हाइड’ केलं, म्हणजे दोन्हींत सारखं असलेलं पुसलं जातं. दोन्हींतला काळेपणा सारखा नसतो, म्हणून लेव्हल्स हलवत बसावं लागतं. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावं.

ती घडी मात्र मस्त होती. स्लायडर सरकवत गेले तसं गलबत फिकटलं, जपान फिकटलं, मोलुक्का बेटांवरची टीप गेली आणि मागून ओळीच्या ओळी वर आल्या. कागदाच्या साच्याच्या उभ्या-आडव्या रेघाही स्वच्छ दिसल्या. वॉटरमार्क मात्र नाही, किंवा तो लायनिंगच्या धाग्यांत हरवलाय.

अक्षरांवर मधून मधून नागमोडी रेघ दिसत होती. लॅटिन छपाईत एम-एन गाळून डोक्यावर अशी रेघ देतात, आणि १५७०ची पहिली आवृत्ती लॅटिनच, त्यामुळे पावती खरी ठरणार असं वाटायला लागलं. पण ती रेघ स्वरांवर नव्हतीच, एन-वर होती. मग खालच्या ओळीत ‘इस्लास’ सापडलं, त्याच्याशेजारी सुटा ‘वाय’. लॅटिन नाही, इटालियन नाही, फ्रेंच नाही. स्पॅनिश!

स्पॅनिश आवृत्ती पहिल्यांदा निघाली १५८८मध्ये, अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यातून. पुढे १६०२ आणि १६१२. म्हणजे पावतीवरचं साल किमान अठरा वर्षांनी चुकलं. किंमत उतरली का? सुट्या पानाची फारशी नाही. सुट्या पानांत लोक आधी रंग, छापाची धार आणि समास बघतात, आवृत्ती नंतर. पूर्ण ॲटलासचं गणित वेगळं. तिथे आवृत्ती, बांधणी आणि एकही पान न गळणं यालाच पैसा. २००६च्या ऑक्टोबरात लंडनला सदबीजच्या लिलावात टॉलेमीचा १४७७चा बोलोन्याचा ॲटलास २१ लाख पौंडांवर गेला, तो काही सुट्या नकाशांची बेरीज करून नव्हे.

मला तर स्पॅनिश निघाल्याचा आनंदच झाला. १५८०नंतर पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या फिलिप दुसऱ्याकडे आला, म्हणजे हे पान छापलं तेव्हा गोव्याचा राजा माद्रिदचा. ऑर्टेलियस त्याच फिलिपचा भूगोलकार. तरी ताम्रपटावरचं पोर्तुगालचं राजचिन्ह कुणी खोडलं नाही. कोकणच्या किनाऱ्यात रस असलेल्याला यापेक्षा चांगलं पान कुठलं?

या प्रतिमेचा आणखी एक उपयोग झाला, तो आधी डोक्यातच नव्हता. लायनिंगखाली ग्रंथालयाचा शिक्का दडलेला असू शकतो, म्हणजे पान चोरीचं असू शकतं. २००५मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात नकाशांचा व्यापारी फोर्ब्स स्मायली पकडला गेला तो जमिनीवर पडलेल्या पात्यामुळे. त्याने पुढे ९७ नकाशांच्या चोऱ्या कबूल केल्या. त्यानंतर पाठ झाकलेलं पान दिसलं की मला आधी संशयच येतो. शिक्का खरवडला असेल तर कागद तिथे पातळ होतो आणि मागच्या उजेडात चटकन उजळतो. सगळं पान बारकाईने पाहिलं. कसरीची भोकं आहेत, मधल्या घडीवर जुनी डागडुजी आहे. उजळ ठिपका कुठेही नाही.

आता राहिलेली कटकट. १५८८ की १६०२ की १६१२, हे सांगणारा पान क्रमांक खळीच्या तपकिरी डागाखाली आलाय. पानभर कुठेही नाही, नेमका तिथेच डाग. डिव्हाइड केलं की त्या जागी नुसता चिखल. म्हणून तिरप्या उजेडासाठी चांगला दिवा मागवायचा विचार होता, ठसा उमटलेला दिसेल म्हणून.

पण हे लिहितानाच लक्षात आलं: त्या फोटोत लाल चॅनेल (फोटोतला फक्त लाल रंगाचा भाग) वेगळा काढला तर डाग बराच फिका होतो. म्हणजे इन्फ्रारेडमध्ये तो जवळपास नाहीसाच व्हायला हवा. छपाईची शाई काजळीची, ती तिथेही काळीच राहील. मॉनिटर इन्फ्रारेड देत नाही, पण सीसीटीव्हीचा ८५० नॅनोमीटरचा दिवा देतो, आणि आतला फिल्टर काढलेला जुना कॅमेरा माळ्यावर आहे. तिरप्या उजेडाचा दिवा आता नको. शनिवारी सीसीटीव्हीचा दिवा आणायला बुधवार पेठेत.

तोवर एक काम तुमच्याकडे. ग्रंथालयांच्या स्कॅनमध्ये नकाशा असतो, पाठ बहुतेक वेळा नसते. कुणाकडे स्पॅनिश आवृत्तीतलं हे पान असेल तर मागच्या शेवटच्या तीन ओळींचा फोटो पाठवा. कुठला शब्द कुठल्या ओळीत मोडतो एवढं दिसलं तरी पुरे.