झोपेची गोळी घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

मालवणात माझं मेडिकल आहे, आणि काउंटरवर सगळ्यात हळू आवाजात येणारा प्रश्न हाच, की ताई, झोपेच्या गोळीची सवय लागते का? लागू शकते. तरी डॉक्टरांनी दिली असेल तर घाबरून टाळू नका, फक्त बंद कधी करायची हे पहिली गोळी घ्यायच्या आधीच विचारून घ्या.

घरात कोणी गेलं, कोर्टाची तारीख आली, पोराचं ऑपरेशन निघालं की झोप उडतेच, आणि कारण सरलं की बहुतेकांची परत येते. तेवढे दिवस निभावायला गोळी. खरी गोची पुढे होते. रोज घेत असलेली गोळी थांबवली की पहिल्या काही रात्री झोप आधीपेक्षाही वाईट लागू शकते, मग माणूस म्हणतो बघा, मला गोळीशिवाय झोपच नाही, आणि पुन्हा सुरू करतो. ते दिवस तात्पुरते असतात हो, पण हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं!

परवा एक मावशी आल्या, घडीवर फाटत आलेली जुनी चिठ्ठी, त्यावर अल्प्राझोलम. "माका चारच दी गो, डोळ्याक डोळो लागणा नाय." जीव तुटतो, पण देता येत नाही. अल्प्राझोलम, झोल्पिडेम या गोळ्या 2014 पासून शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत, ताजी चिठ्ठी लागते, रजिस्टरला पेशंटचं नाव लिहावं लागतं. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावून दिला.

नवऱ्याच्या पट्टीतली गोळी बायकोने घेऊ नये. झोल्पिडेम बायकांच्या अंगातून सावकाश उतरतं, म्हणून अमेरिकेत 2013 मध्ये त्यांचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅम केला. क्लोनाझेपाम तर दुसऱ्या दिवशीही अंगात असतं, पहाटे होडीवर जाणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. दारूबरोबर तर कुठलीच नको, श्वास मंदावतो. आणि म्हातारी माणसं रात्री उठून मागीलदारी जातात, पावसात चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, गुंगीत पाय घसरला की खुब्याचं हाड गेलंच, तेव्हा त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना दोनदा विचारा.

महिनोन्महिने घेत असाल तर मात्र हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डोस हळूहळू उतरवून घ्यायचा, आणि डॉक्टरांकडे जाताना चालू पट्टी सोबत न्या.