झाकलेलं अर्धं पान

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनाबद्दल बाकीचे लिहितीलच, मी एका पानाबद्दल लिहितोय.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी कुंडीतल्या रोपाचं एक पान अर्धं काळ्या कागदाने झाकायला लावलं. रोप आधी दोन दिवस अंधारात, मग उन्हात. स्पिरिटमध्ये उकळून त्यावर आयोडीन टाकलं, तर उघडी बाजू निळीकाळी झाली, झाकलेली पिवळटच राहिली. मी विचारलं, "बाई, अख्खंच झाकलं असतं तर?"

"मग तुलना कशाशी केली असतीस? कपाळाशी?"

ते कपाळ मला पुढे प्रयोगशाळेत भेटलं.

सोनेरी हॅम्स्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या दोन्ही कुशींवर एकेक काळसर ठिपका असतो. केसांवर फुंकर मारली की दिसतो. वरवर डाग, पण आहे तैलग्रंथींचा पुंजका. कुशी भिंतीला घासून हा प्राणी आपला वास मागे ठेवतो. नराचा ठिपका वाटाण्याएवढा, काळा, वर राठ केस. मादीचा लहान नि फिकट. (अंगाने मोठी आणि तापट मात्र मादीच!) नराची वृषणं काढली की ग्रंथी आक्रसतात, काळेपणाही विरतो, टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक दिलं की दोन्ही परततात. हॅमिल्टन आणि मॉन्टॅग्ना या संशोधकांनी 1950 मध्येच या ग्रंथींवरचा परिणाम तपशिलात मांडला होता. तेल करणाऱ्या पेशी वेगळ्या, रंग करणाऱ्या वेगळ्या, हुकूम मात्र एकाच संप्रेरकाचा. त्वचेत टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं, ते आणखी जोरकस. मुरुमही तैलग्रंथींतलेच, म्हणून त्यांवरची औषधं याच ठिपक्यावर तपासली गेली.

माझा पहिला प्रयोग साधा होता. मादीच्या उजव्या कुशीवर टेस्टोस्टेरॉनचं द्रावण, डाव्या कुशीवर नुसतं अल्कोहोल. डावी कूस म्हणजे माझं झाकलेलं अर्धं पान. तीन आठवड्यांनी केस कातरले, तर दोन्ही ठिपके काळे! मात्रा जास्त झाली होती. औषध कातडीतून रक्तात उतरलं आणि पलीकडे पोचलं. रक्ताला काळा कागद कुठून लावणार? मग मात्रा उतरवली आणि नुसतं अल्कोहोल लावलेल्या माद्या वेगळ्या पिंजऱ्यात ठेवल्या. तेव्हा कुठे उजवी काळी, डावी फिकट असं चित्र मिळालं.

त्याचा फोटो घेऊन बाईंकडे गेलो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि आधी डावी कूस पाहिली.